आधी विचारायचं राहिलं : एका मंडळीतलं पाय धुण्याचं प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांचं आहे. मी त्या मंडळीचा सभासद, पंचकमिटीचा चिटणीस आणि जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. ज्या मावशींबद्दल हे आहे त्यांना विचारूनच लिहायला बसलो. पहिल्यांदा त्या नको म्हणाल्या. महिन्याभरानं त्यांनीच निरोप धाडला, "ल्ह्या गुरुजी. नाव टाकू नका, आन् पायाचं टाकायचं आसंल तर नीट टाका."

मंडळी

आमच्याकडे साठ-पासष्ट कुटुंबं आहेत. त्यात दोन थर आहेत, आणि आम्ही ते कधी तोंडानं बोलत नाही. एका थरात मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्यांची मुलं-नातवंडं : शिक्षक, नर्स, एसटीतले, कचेरीतले. दुसऱ्या थरात गावाबाहेरच्या वस्तीवरची घरं. त्यांच्यातली बरीचशी दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. बाकांवर पहिले बसतात, मागच्या सतरंजीवर दुसरे. कोणी तसा नियम केलेला नाही. मी चिटणीस झालो तेव्हाही हे असंच होतं आणि मला त्यात काही खटकलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

खटकायला हवं होतं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या कोणाच्या जोरावर? नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यांच्या हाताखाली ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भरणा मांग-महार समाजाचा होता, ज्यांना गावच्या आडावर पाणी शेंदायची मुभा नव्हती. आम्ही बाकांवर बसणारे त्याच तऱ्हेच्या घरांतून आलो. दोन-तीन पिढ्यांत आमच्या पायांत बूट आले, आणि आपल्याला कोणी आडापासून लांब उभं केलं होतं हे आम्ही विसरून गेलो.

मावशी या दुसऱ्या थरातल्या. वय पासष्टच्या पुढे. बावीस हंगाम नवऱ्याबरोबर ऊस तोडला, नवरा गेल्यावर फड सुटला. आता मुलगा-सून जातात आणि मावशी नातवंडं सांभाळतात. एकोणीस वर्षं दर शनिवारी त्या चर्च झाडतात, रांजण भरतात, रविवारी सतरंज्या अंथरतात, उपासना झाली की चहाचे कप धुतात. त्याबद्दल नाताळात पुढे बोलावून एक साडी द्यायची, टाळ्या वाजवायच्या, एवढाच आमचा रिवाज.

यादी

पवित्र गुरुवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा गुरुवार. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले, पेत्र हा शिष्य आधी नको म्हणाला, त्याची ही आठवण. आमच्या परंपरेत त्या दिवशी पाय धुण्याचा विधी नव्हता. प्रभुभोजन घ्यायचं, उताऱ्याचं वाचन करायचं, घरी जायचं. २०२४ साली नव्यानं बदलून आलेल्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, मनात आलं की हा विधी करावा. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ ला रोममधल्या कासाल देल मार्मो या बालसुधारगृहात बारा जणांचे पाय धुतले, त्याची चित्रफीत त्यांनी पाहिली होती. त्या बारांत दोन मुली होत्या, मुसलमान मुलंही होती. योगायोग असा की २०२४ चा पवित्र गुरुवारही २८ मार्चलाच आला. पाळकसाहेब वयानं तरुण, तळमळीचे. त्यांच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

बारा जणांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. छताच्या पत्र्यांसाठी ज्यांनी मोठी देणगी दिली त्यांची नावं मी वर घातली, मग माजी पंच, मग दोन्ही मोठ्या घरांतले वडीलधारे. बारांत एकच बाई, निवृत्त नर्स. यादी फळ्यावर लागली आणि त्याच संध्याकाळी एका घरातून फोन आला, "आमच्या अण्णांचं नाव नवव्या नंबरावर कसं?" लग्नाच्या पंगतीत पहिली जागा धरू नका, हा दाखला बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे आणि अण्णांनी स्वतः त्यावर दोनदा प्रवचन केलेलं मी ऐकलंय. त्यांच्या घरानं गुरुवारी न यायचं ठरवलं. पाय धुऊन घेणं हा आमच्याकडे मान झाला होता. यात नवल नाही. आपल्याकडे जावयाचे पाय धुतात, महाराजांचे धुतात. खालच्यानं वरच्याचे धुवायचे, ही रीत अंगात मुरलेली. यहूदी घरातही ते काम गुलामाचंच होतं. प्रभूनं ती रीत उलटी केली. आम्ही विधी उचलला आणि मांडणी जुनीच ठेवली.

गुरुवारची संध्याकाळ

त्या वर्षी पाण्याचं दुर्भिक्ष होतं. आदल्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, चर्चची बोअर आटलेली. पाय धुवायचं पाणी मावशींनी आदल्या दिवशी टँकरच्या रांगेत उभं राहून दोन घागरी आणून ठेवलं होतं.

समोर बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, खजिनदारांच्या घरचं पितळी घंगाळ, नवे कोरे पांढरे टॉवेल. माईक चालू. तरुण संघाची दोन मुलं मोबाईलवर चित्रीकरण करत होती. अण्णांच्या घरच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पाळकसाहेबांनी एकीवर गायनमंडळातल्या एका मुलाला बसवलं आणि मग त्यांची नजर मागे दाराशी बादली धरून उभ्या असलेल्या मावशींवर गेली.

"मावशी, पुढे या."

"नगं, साहेब."

"या, या. आज तुम्ही बसायचं."

"नगं म्हणते ना, साहेब. नगं."

पाळकसाहेब माईकवर हसून म्हणाले, "पेत्रसुद्धा असंच म्हणाला होता!" सगळी मंडळी कौतुकानं हसली. कोणीतरी त्यांच्या हातातली बादली घेतली, दोघींनी दंडाला धरून पुढे आणलं. त्या बसल्या. पाळकसाहेबांनी गुडघे टेकले, त्यांचा डावा पाय घोट्याला धरून घंगाळात घेतला. मावशी कमरेत वाकून पदर पायावर ओढायला बघत होत्या, आणि पदर पाण्यात भिजत होता. त्या पायाला करंगळी नव्हती. तिथं नुसती आवळलेली, चकचकीत कातडी होती. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा. एकोणीस वर्षं ही बाई आमच्यासमोर सतरंजीवर पाय पदराखाली दुमडून बसत आली होती, आणि का बसते हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गायनमंडळानं स्वर लावला. मीही रडलो. अशी उपासना आपल्याकडे आजवर झाली नाही, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. रात्री चित्रफीत मंडळीच्या ग्रुपवर आली आणि हात जोडल्याच्या खुणांचा पाऊस पडला.

तीन रविवार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मावशी आल्या नाहीत. पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, पहाटेच्या उपासनेलाही नाही. ही गैरहजेरी आमच्या लक्षात आली ती रांजण कोरडा होता म्हणून. माणूस दिसला नाही म्हणून नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे.

पुढचे दोन रविवारही तेच. कमिटीत चर्चा झाली. "मान मिळाला की माणूस बदलतो." "आता झाडणं कमीपणाचं वाटत असेल." "सुनेनं कान भरले." एकानं सुचवलं की महिना पाचशे रुपयांवर दुसरी बाई पाहू. तेव्हा नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "मावशींना आपण किती देत होतो?" कोणी उत्तर दिलं नाही. मी इतिवृत्तात हा प्रश्न लिहिला आणि खाली जागा कोरी सोडली.

चौथ्या आठवड्यात सोमवारी मी वस्तीवर गेलो. पत्र्याचं घर, दारात पाय धुवायचा दगड. पाहुणा आला की द्यायचा तसा मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. टँकरचं पाणी, म्हणून मी ओंजळभरच घेतलं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, कोणाचं काही लागलं का?

बराच वेळ त्या शेंगा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, साहेबांचं मन चांगलं हाय. त्यांना बोल लावायचा न्हाई. पण मला इचारलं का कुणी?"

मी गप्प.

"म्या तीन बार नगं म्हणलं. तुमी समदे हसले. साहेब माझ्यापुढं वाकले, आन् लोक बघत व्हते साहेबांकडं. म्या तिथं निस्ती पाय व्हते."

करंगळीचं त्यांनी मग सांगितलं. फडात वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यावर, कोयता फिरवताना बोट गेलं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, खाडा परवडणारा नव्हता. चिंधी जाळून राख भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोळ्या उचलल्या. "त्या बोटाचं माझ्या लेकीलासुदिक धड ठाव न्हाई. तुमच्या गुरूपवर आता समद्यायला ठाव झालं."

मी उठताना ग्रुपचा प्रमुख या नात्यानं ती चित्रफीत काढून टाकली. ज्यांच्या मोबाईलमध्ये उतरून गेली होती, त्यांच्याकडे गेली ती गेलीच.

पेत्राचा "नको"

मी पाळकसाहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांना फार लागलं. पहिल्या झटक्यात ते म्हणाले, "पण गुरुजी, प्रभूनं तरी कुठे विचारून पाय धुतले?"

मुद्दा टाळण्यासारखा नव्हता. आम्ही दोघं योहानाचा तेरावा अध्याय पुढे घेऊन बसलो आणि मला वाटतं त्या रात्री तो मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश वाचला. ती खोली बंद होती. बघायला बाहेरचं कोणी नव्हतं. होते ते बरोबर हिंडले-फिरलेले, जेवले-झोपलेले शिष्य. पेत्र नको म्हणाला तेव्हा प्रभूनं त्याचं म्हणणं ऐकलं, उत्तर दिलं. पेत्र पुन्हा अडला, पुन्हा उत्तर दिलं. शेवटी पेत्र स्वतःच म्हणाला की मग नुसते पाय काय, हात आणि डोकंही धू. तेव्हाही प्रभूनं त्याला आवरलं. म्हणजे धुण्याआधी बोलणं पुरं झालं. आमच्याकडे पेत्राचं नाव घेतलं गेलं ते एका बाईचं बोलणं बंद करायला. तिच्या "नको"ला जागाच उरली नाही. वचन तोंडावर मारलं की माणसाला बोलता येत नाही, आणि आम्हा जुन्या ख्रिस्ती घरांतल्यांना वचनं फार पाठ असतात.

दुसरीकडे पाहिलं तर यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी प्रभू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? बेथेसदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं दुखणाईत पडलेल्या माणसालाही विचारतो, बरं व्हायची इच्छा आहे का? पूर्वी मला हे प्रश्न वायफळ वाटायचे. आता वाटतं, नम्रता असलीच तर ती त्या प्रश्नात आहे. विचारलं की समोरच्याला नाही म्हणायचा हक्क मिळतो. न विचारता केलेल्या सेवेत सेवा करणारा मोठा होत जातो आणि जिची केली तिची झाकलेली जखम उघडी पडते. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूनं स्वतःला रिक्त केलं असं म्हटलंय. आम्ही मात्र त्या गुरुवारी भरून पावलो होतो.

आणखी एक शब्द मी इतकी वर्षं ओलांडून जात होतो : "एकमेकांचे". एकमेकांचे पाय धुवा, असं वचन आहे. चर्च ऑफ द ब्रदरन या पंथात प्रीतिभोजनाच्या वेळी पाय धुतात तेही असंच. एकानं बारांचे नाही, शेजाऱ्यानं शेजाऱ्याचे. तिथं धुणारा आणि धुऊन घेणारा तोच असतो.

पाळकसाहेब दोन दिवसांनी एकटेच वस्तीवर गेले. हे मला त्यांनी नाही, मावशींनी सांगितलं. साहेबांनी दगडाशी उभं राहून माफी मागितली. मावशींनी तांब्या उचलला आणि पायावर पाणी घालायला वाकल्या. साहेबांनी पटकन पाय मागे घेतला. "मंग म्या म्हणलं, आता तुमी पेत्र झालात का, साहेब?" त्यावर साहेबांनी पाय पुढे केला.

किल्ली

मावशी परत आल्या त्या चौथ्या रविवारी. पण त्याआधी पाळकसाहेबांनी त्यांना विचारलं होतं, मंडळीनं तुमच्यासाठी काय करावं? आम्हाला वाटलं पगार मागतील, सतरंजीऐवजी बाक मागतील. त्या म्हणाल्या, "किल्ली द्या."

चर्चची किल्ली तेव्हा खजिनदारांच्या घरी असायची. दर शनिवारी मावशी पहाटे येऊन पायरीवर बसायच्या. खजिनदारांची आंघोळ, पूर्ण घराची प्रार्थना, चहा झाला की मुलगा किल्ली घेऊन यायचा. अर्धा तास, कधी तास. मार्च-एप्रिलात तोवर ऊन चढलेलं. एकोणीस वर्षांचे शनिवार मोजले तर हजाराच्या घरात जातात.

किल्लीवर कमिटीच्या दोन बैठका गेल्या. पाय धुवायला पाच मिनिटांत मंजुरी मिळाली होती. हार्मोनियम आहे, अँप्लिफायर आहे, दानपेटी आहे. "विश्वासाचा प्रश्न नाही, पण जबाबदारी कोणाची?" हे वाक्य निदान सहा वेळा झालं. खजिनदार वाईट माणूस नाहीत, हे इथं नीट लिहायला हवं. त्यांच्या वडिलांनी ती किल्ली मरेपर्यंत उशाखाली ठेवली होती. मंडळीत भांडणं झाली, दोन वर्षं पाळक नव्हता, तेव्हा रोज दार उघडून एकट्यानं प्रार्थना करणारा तो माणूस. त्यांच्यासाठी किल्ली ही वडिलांकडून आलेली सेवा होती. आणि आपल्या हातातली सेवाच दुसऱ्याला दाराबाहेर बसवते आहे हे कळणं फार कठीण असतं.

दुसऱ्या बैठकीत नर्सबाईंनी बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढला. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावं बघा, बाई म्हणाल्या : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांच्या बाजूची तक्रार, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिलं. मी चाळीस वर्षं हा अध्याय वाचतोय, नावांकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

खजिनदार काही बोलले नाहीत. बैठक ठराव न होताच उठली. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतः वस्तीवर जाऊन मावशींच्या हातात किल्ली देऊन आले. एक जोडकिल्ली त्यांनी करून स्वतःकडे ठेवली आहे, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. या सगळ्या प्रकरणात खाली वाकणं कुठं झालं असं कोणी विचारलं, तर मी त्या शुक्रवारकडे बोट दाखवीन.

बाकीचं थोडक्यात. कप धुण्याच्या पाळ्या लावल्या. पहिले दोन-तीन रविवार पंचांनी बाह्या सारून कप धुतले, मग बायकोला पुढे करणं सुरू झालं, मग पाळीचा कागद फाटला. आता तरुण संघ धुतो, तोही सणावारी विसरतो. मानधन ठरलं. मावशींनी ते घेतलं, यावर काहींनी नाकं मुरडली, की मग ती सेवा कसली. पाळकांना आपण पगार देतो आणि त्याला सेवा म्हणतोच. मावशींच्या बाबतीत हा प्रश्न कसा पडतो, हे मी बैठकीत विचारलं आणि पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा विचारीन. बाक आणि सतरंजी अजून आहे तशी आहे. अण्णांचं घर परत यायला लागलं, आपल्या नेहमीच्या बाकावर.

२०२५ चा गुरुवार

त्या वर्षी पवित्र गुरुवार १७ एप्रिलला होता. यादी लागली नाही. पाळकसाहेबांनी तीन आठवडे आधी सांगितलं की ज्यांना एकमेकांचे पाय धुवायचे आहेत त्यांनी मला एकट्याला येऊन सांगावं, नाही आलात तरी काही बिघडत नाही. सात जण आले. माईक बंद, मोबाईल दाराबाहेर टोपलीत, दार लोटलेलं. नर्सबाईंनी सतरंजीवरच्या एका मुलीचे पाय धुतले आणि त्या मुलीनं खजिनदारांचे. माझे पाय गायनमंडळातल्या त्या मुलानं धुतले. त्याचे हात थंडगार होते आणि कुठे बघावं ते मला कळेना.

मावशींना पाळकसाहेबांनी घरी जाऊन विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या. साहेब "बरं" म्हणाले आणि चहा पिऊन परत आले.

त्या दिवशी दुपारी चार वाजता मावशींनी कमरेच्या बटव्यातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, घंगाळात पाणी ओतून ठेवलं, टॉवेलांच्या घड्या बाकावर रचल्या. "झालं की दार ओढून घ्या, म्या येते मागून," एवढं मला सांगून शेळ्या सोडायच्या म्हणून त्या घरी गेल्या.